जुन्या फोर-बाय-फोर गाडीच्या पुढच्या अ‍ॅक्सलमधून वारंवार होणारी गळती आणि वंगणाची योग्य निवड

जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांच्या पुढच्या अ‍ॅक्सलबाबत येणारी तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. अ‍ॅक्सलच्या टोकाला जो गुळगुळीत गोळा असतो आणि ज्याच्यावरून नकलचे (चाक वळवणाऱ्या सांध्याचे) घर डावी-उजवीकडे फिरते, त्या गोळ्याखाली काळपट ओघळ दिसू लागतो. सील बदलले जाते, ऑइल नव्याने भरले जाते, काही आठवडे सर्व कोरडे राहते आणि ओघळ पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कंटाळून ऑइलच्या जागी घट्ट ग्रीस भरले जाते. त्यानंतर गळती थांबल्यासारखी दिसते, परंतु पुढे पूर्ण वळणावर टकटक आवाज येऊ लागतो किंवा स्टीअरिंग जड होते, आणि घर उघडल्यावर वरच्या किंगपिनचे (ज्या खिळीवर नकल वळते तिचे) बुश कोरडे पडून झिजलेले आढळते.

या चक्रातून बाहेर पडायचे असेल, तर पुढच्या अ‍ॅक्सलसाठी कोणते वंगण चांगले हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी त्याची रचना पाहावी लागते. अशा अ‍ॅक्सलमध्ये वंगणाचे तीन स्वतंत्र कप्पे असतात. मधल्या कप्प्यात क्राऊन-पिनियनसह डिफरन्शियल असते आणि त्यात गियर ऑइल असते. दोन्ही टोकांना नकलचे घर असते, त्यात हाफ शाफ्टचा (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट आणि किंगपिनची बेअरिंगे किंवा बुश असतात. त्याच्या बाहेर चाकाचा हब असतो, त्यात टेपर रोलर बेअरिंगे असतात. डिफरन्शियल आणि नकल यांच्यामध्ये हाफ शाफ्टवर बसणारे आतले सील असते, नकल आणि हब यांच्यामध्ये स्टब अ‍ॅक्सल व हबचे सील असते, आणि गोळ्यावर घासत राहणारे मोठे सील नकलला बाहेरच्या जगापासून वेगळे ठेवते. डोळ्यांना दिसणारी गळती शेवटच्या सीलमधून होते, म्हणून दोषही त्याच्यावर जातो. वारंवार होणाऱ्या गळतीत मात्र मूळ कारण बऱ्याचदा दुसऱ्या एखाद्या जागी असते आणि एका कप्प्यातील वंगण दुसऱ्यात शिरल्यामुळे बाहेरचे सील हरते. वंगणाची निवड कप्प्यानुसार करावी आणि ती करण्यापूर्वी कप्पे खरोखर वेगळे राहत आहेत याची खात्री करावी, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

आधी बाहेर काय येते ते पाहावे

ओघळ पुसून टाकण्यापूर्वी तो बोटावर घेऊन नीट तपासावा. नकलमध्ये ग्रीस भरलेले असूनही पातळ, गडद आणि गंधकाचा उग्र वास असलेला द्रव बाहेर येत असेल, तर तो डिफरन्शियलमधून आलेल्या गियर ऑइलमध्ये विरघळलेला ग्रीस आहे, म्हणजेच आतले सील निकामी झाले आहे. याची पडताळणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून डिफरन्शियलचा लेव्हल प्लग उघडावा. पातळी खाली गेली असेल आणि नकलमधील वंगण वाढलेले किंवा पातळ झालेले असेल, तर शंकेला जागा उरत नाही. अशा वेळी नकलमध्ये कितीही उत्तम प्रतीचा ग्रीस भरला तरी तो टिकणार नाही, आणि घट्ट ग्रीस भरून गळती झाकल्यास डिफरन्शियलचे ऑइल कमी होत राहील ते वेगळेच.

बाहेर येणारे वंगण दुधाळ किंवा कॉफीच्या रंगाचे असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे. वंगण कोरड्या, कडक ढेकळांच्या रूपात सापडले, तर ग्रीसमधील तेल निघून गेले आहे आणि केवळ घट्ट करणारा साबणाचा भाग मागे राहिला आहे. चमकदार कण किंवा धातूच्या खपल्या दिसल्या, तर वंगणाचा विचार नंतरचा आणि जॉइंट व बेअरिंगे उघडून पाहणे आधीचे. ब्रेक ड्रमच्या आतून ऑइल येत असेल, तर हबचे सील गेले आहे. ऑइलने भिजलेल्या लायनरवर गाडी चालवू नये, कारण ब्रेक एका बाजूला ओढू लागतो आणि भिजलेले लायनर धुऊन पूर्ववत होत नाहीत.

सील वारंवार का जाते

पहिली तपासणी ब्रीदरची करावी, कारण ती काही मिनिटांत होते आणि तीच सर्वाधिक वेळा राहून जाते. अ‍ॅक्सलच्या नळीवर एक छोटा ब्रीदर असतो. चालताना आतील हवा तापून फुगते आणि तिला बाहेर पडण्याची ती एकमेव अधिकृत वाट असते. ब्रीदर चिखलाने किंवा रंगाच्या थराने बुजला असेल, तर हवा सीलच्या ओठाखालून वाट काढते आणि ऑइल आपल्याबरोबर नकलमध्ये ढकलते. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात उतरल्यावर याच्या उलट घडते. आतील हवा आकसते, पोकळी निर्माण होते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ओढा ओलांडल्यानंतर काही दिवसांनी ऑइल दुधाळ होते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. ब्रीदरला नळी जोडून तिचे टोक इंजिनाच्या कप्प्यात उंचावर बांधणे हा अल्प श्रमाचा आणि मोठ्या उपयोगाचा बदल आहे.

दुसरे कारण गोळ्याच्या पृष्ठभागात असते. लँड रोव्हर सिरीजच्या गाड्यांत या गोळ्यावर क्रोमचा मुलामा असतो. तो उडाला की खाली गंज धरतो, बारीक खड्डे पडतात आणि त्यांच्या कडा नव्या सीलचा रबरी ओठ हळूहळू कापत राहतात. नखाला लागतील इतके खड्डे असलेल्या गोळ्यावर कोणतेही सील फार काळ टिकत नाही. तुरळक खड्डे इपॉक्सीने भरून, बारीक पॉलिश कागदाने घासून सपाट करता येतात, परंतु सील जिथे प्रत्यक्ष टेकते त्या पट्ट्यात गंज पसरला असेल तर गोळा बदलणे हाच टिकाऊ उपाय आहे. गोळ्यावर रंग लावू नये, कारण तो सोलून थेट सीलखाली जातो.

तिसरे कारण किंगपिनच्या ढिलाईत असते. नकल वर-खाली किंवा आत-बाहेर हलत असेल, तर गोळा सीलच्या मध्यभागी राहत नाही, एका बाजूला ओठ दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला फट पडते. हे तपासण्यासाठी मागच्या चाकांना अडसराचे ठोकळे लावून, पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवावा, चाक वर आणि खाली धरून हलवावे आणि मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबताच ढिलाई नाहीशी झाली तर ती चाकाच्या बेअरिंगमधली आहे. ब्रेक दाबूनही ती तशीच राहिली तर किंगपिनमधली आहे. किंगपिनचा ताण शिमने (पातळ चकत्यांनी) ठरवला जातो आणि स्प्रिंग काट्याने मोजला जातो. त्याचा आकडा प्रत्येक गाडीच्या कार्यशाळा-पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच पाळावा. टोयोटा लँड क्रूझरच्या नकलमध्ये याला आणखी एक पदर आहे. तिथे वरच्या आणि खालच्या शिमची विभागणी नकलला अ‍ॅक्सलच्या मध्यरेषेवर आणते. एकूण जाडी बरोबर असली तरी विभागणी चुकली, तर शाफ्ट आतल्या सीलमध्ये तिरका बसतो आणि नवे सीलही लवकर गळू लागते. म्हणून उघडताना वरचे आणि खालचे शिम वेगवेगळे बांधून ठेवावेत.

हाफ शाफ्टवर आतले सील जिथे फिरते तिथे घळ पडली आहे का, हेही बोट फिरवून पाहावे. घळ खोल असेल तर सील पूर्वीच्या जागेपासून किंचित आत किंवा बाहेर बसवून ओठाला अखंड पृष्ठभाग देता येतो, मात्र सीलची बैठक तेवढी मुभा देत असेल तरच.

नकलमध्ये ऑइल की ग्रीस

ही निवड मुळात निर्मात्याने रचना करतानाच केलेली असते आणि तिच्या खुणा घरावर दिसतात. लँड रोव्हर सिरीजच्या नकलला भरण्याचा, पातळीचा आणि निचऱ्याचा प्लग असतो. प्रत्येक बाजूला सुमारे अर्धा लिटर ईपी ९० (मोठा दाब सोसणारे) गियर ऑइल त्यात अपेक्षित आहे. चाळीस मालिकेच्या टोयोटा लँड क्रूझरमध्ये नकल मोलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त लिथियम ग्रीसने भरले जाते, गोळ्यामागे फेल्ट आणि रबराच्या कड्या असतात, आणि त्या कड्या पातळ ऑइल अडवण्यासाठी बनवलेल्याच नाहीत. विलीस जीपच्या पिढीतील गाड्यांमध्ये एकाच नमुन्यात जॉइंटचे अनेक प्रकार बसवले गेले. रेझेपा, बेंडिक्स-वाइस, ट्रॅक्टा आणि साधा क्रॉस असे चारही प्रकार त्यांत आढळतात. त्यामुळे मॉडेलच्या नावावरून निर्णय न घेता प्रत्यक्ष जॉइंट पाहून घ्यावा.

जॉइंटचा प्रकार महत्त्वाचा का, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. रेझेपा जॉइंटमध्ये सहा गोळ्या खाचांतून फिरता फिरता घसरतातही आणि त्यांच्यावर पडणारा दाब फार मोठा असतो. अशा जागी मोलिब्डेनम डायसल्फाइडचे कण धातूवर थर धरतात आणि वंगणाचा पडदा फाटला तरी संरक्षण देतात. सामान्यतः या ग्रीसमध्ये त्याचे प्रमाण सुमारे ३ ते ५ टक्के असते. ट्रॅक्टा जॉइंटमध्ये गोळ्या नाहीत. तिथे मोठे सपाट पृष्ठभाग एकमेकांवर घासतात, उष्णता अधिक निर्माण होते आणि ती वाहून नेण्यासाठी वाहते वंगण लागते. क्रॉस जॉइंटमध्ये सुईसारखी बारीक रोलर बेअरिंगे असतात आणि त्यांना वाहणारे ऑइल चांगले मानवते.

ऑइलसाठी बनलेल्या घरात वरच्या किंगपिनला वंगण मिळण्याचा मार्गही विचारात घ्यावा लागतो. ऑइलची पातळी घराच्या अर्ध्यापर्यंत असते आणि वरचे बुश त्याच्या वर असते. फिरणारा जॉइंट जे ऑइल उडवतो, त्यावरच ते बुश जगते. एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाची मोजपट्टी) २ प्रतीचा घट्ट ग्रीस अशा घरात भरला, तर जॉइंट त्यात आपल्यापुरती पोकळी कोरून घेतो, बाजूला फेकलेला ग्रीस भिंतींना चिकटून तिथेच राहतो, आणि जॉइंट व वरचे बुश दोन्ही हळूहळू कोरडे पडतात. सुरुवातीला सांगितलेल्या झिजेचे कारण हेच आहे.

या दोहोंच्या मधली वाट अर्ध-द्रव ग्रीसची आहे. एनएलजीआय प्रमाणातील अंक २५ अंश सेल्सिअसला ठरावीक शंकू ग्रीसमध्ये किती खोल उतरतो यावरून ठरतात. प्रत २ मध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर उतरतो, प्रत शून्यमध्ये ३५.५ ते ३८.५, आणि दुहेरी शून्यमध्ये ४० ते ४३ मिलिमीटर. शून्य आणि दुहेरी शून्य प्रतीचे ग्रीस उभ्या गाडीत जागेवर राहतात, पण जॉइंट फिरू लागला की पुन्हा त्याच्याकडे वाहत येतात. लँड रोव्हरनेही १९९०च्या दशकात आपल्या नंतरच्या गाड्यांच्या नकलसाठी ऑइल सोडून पाकिटातून एकदाच भरायचा ग्रीस स्वीकारला. गोळा थोडासा खराब असलेल्या आणि मुख्यतः कमी वेगाने चालणाऱ्या सिरीज गाडीत असा ग्रीस वापरणे मला पूर्णपणे समर्थनीय वाटते. गोळा चांगला असेल तर मात्र ऑइलच ठेवावे. ऑइल उष्णता अधिक चांगली वाहून नेते, पाणी शिरले तर निचऱ्याच्या प्लगमधून लगेच कळते, आणि बदलायला चाक खोलावे लागत नाही. एवढे फायदे केवळ एका ओघळाच्या भीतीने सोडून देऊ नयेत.

याच्या उलट, ग्रीससाठी बनलेल्या नकलमध्ये ऑइल भरणे हा प्रयोग करूच नये.

ऑइलच्या डब्यावरचे आकडे

गियर ऑइलचे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडून पाहिल्यास गैरसमज होतो. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या ९० श्रेणीच्या गियर ऑइलची १०० अंश सेल्सिअसला असलेली श्यानता (दाटपणा) १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स असते, म्हणजे ती साधारण एसएई ४० ते ५० इंजिन ऑइलइतकीच आहे. दोन मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ९०च्या वरच्या मर्यादेबाबत जुन्या आणि नव्या तक्त्यांत फरक दिसतो, कारण २००५ मध्ये एसएईने ११० आणि १९० या मधल्या श्रेणी वाढवल्या आणि ९० व १४०चे पट्टे अरुंद केले. ८५डब्ल्यू-१४० ऑइल उष्ण हवेत, पुस्तिका परवानगी देत असेल तर, नकलमध्ये वापरता येते. ते सीलमधून कमी झिरपते आणि तरीही वाहते राहते. थंड हवेत मात्र ते जॉइंटपर्यंत पोहोचायला वेळ घेते.

जीएल-४ आणि जीएल-५ यांबद्दल बरीच भीती पसरलेली आहे, तिच्यातील तथ्य वेगळे काढले पाहिजे. गियर ऑइलचे हे वर्ग दाबाखालील संरक्षणाचे आहेत. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसयुक्त घटकांचे प्रमाण जीएल-४ पेक्षा बरेच अधिक, साधारण दुप्पट असते, कारण ते हायपॉइड दात्यांसाठी आहे, जिथे पिनियन मध्यरेषेपासून खाली सरकवलेला असतो आणि दाते एकमेकांवर मोठ्या प्रमाणात घसरतात. हे सक्रिय गंधक उच्च तापमानात पितळ आणि ब्राँझवर रासायनिक परिणाम करू शकते. पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये ब्राँझ सापडण्याची ठिकाणे म्हणजे डिफरन्शियलमधील साइड गियरमागच्या वॉशर आणि स्टब अ‍ॅक्सलच्या आतले बुश. गियरबॉक्समधील सिंक्रो रिंगच्या तुलनेत हा धोका पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये कमी आहे, कारण गरजेपुरताच फोर-बाय-फोर लावणाऱ्या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल तितका तापत नाही.

म्हणून माझा कौल असा आहे. डिफरन्शियल हायपॉइड असेल तर जीएल-५ टाळू नये, कारण तिथे दाते वाचवणे अधिक महत्त्वाचे आहे. सिरीज लँड रोव्हरच्या मूळ रोव्हर डिफरन्शियलसारखे साधे स्पायरल बेव्हल असेल आणि पुस्तिकेत केवळ ईपी ९० लिहिलेले असेल, तर जीएल-४ पुरेसे आहे. जीएल-५ वापरायचेच असेल, तर उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकातील तांब्याच्या पट्टीच्या चाचणीचा निकाल पाहावा. त्यात १ म्हणजे किंचित काळवंडणे आणि ४ म्हणजे गंजणे, तेव्हा पहिल्या श्रेणीतील ऑइल निश्चिंतपणे घ्यावे.

हबसाठी वेगळा ग्रीस

हबच्या टेपर रोलर बेअरिंगांना नकलमधला मोलिब्डेनमयुक्त ग्रीस भरण्याचा मोह टाळावा. तिथे उच्च तापमान सहन करणारा लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ प्रतीचा, चाकाच्या बेअरिंगांसाठीचा ग्रीस योग्य ठरतो, कारण ब्रेकची उष्णता थेट त्याच्यापर्यंत पोहोचते. तो रोलरच्या पिंजऱ्यात तळहाताने किंवा पॅकरने दाबून भरावा आणि हबची पोकळी मात्र गच्च भरू नये, कारण जास्तीचा ग्रीस तापून सीलबाहेर ब्रेकवर येतो.

जुने आणि नवे एकत्र करू नये

ग्रीसचा प्रकार बदलताना केवळ वरून नवा भरणे पुरेसे नसते. लिथियम ग्रीसमध्ये पॉलियुरिया किंवा बेंटोनाइट मातीचा ग्रीस मिसळला, तर मिश्रण अनेकदा पातळ होऊन वाहू लागते, आणि मग गळतीचे खापर पुन्हा सीलवर फुटते. रंगावरून प्रकार ओळखण्याचा प्रयत्न करू नये, कारण रंग हा बहुधा उत्पादकाने घातलेला असतो. जुन्या ग्रीसची माहिती नसेल तर नकल पूर्ण उघडून, जॉइंट, किंगपिन आणि घराचा तळ रॉकेलने धुऊन, पूर्ण कोरडे करूनच नवा ग्रीस भरावा. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये. जॉइंटच्या खाचांमध्ये रॉकेल साचून राहते, म्हणून तो काही वेळ उलटा-सुलटा करून निथळू द्यावा.

टोयोटा पद्धतीच्या नकलमध्ये आधी जॉइंटमध्ये ग्रीस दाबून भरावा, गोळ्या आणि पिंजऱ्यामधून तो दुसऱ्या बाजूला बाहेर येईपर्यंत, आणि मग घर सुमारे तीन चतुर्थांश भरावे. उरलेली जागा मोकळी ठेवणे आवश्यक आहे, कारण तापल्यावर ग्रीस आणि हवा दोन्ही प्रसरण पावतात. ऑइलच्या नकलमध्ये गाडी सपाट उभी करून पातळीच्या प्लगमधून ऑइल परत येऊ लागेपर्यंत सावकाश भरावे. जॉइंटच्या पोकळ्यांमध्ये ऑइल शिरायला वेळ लागतो, त्यामुळे थोड्या वेळाने पातळी पुन्हा पाहावी.

फ्री-व्हीलिंग हब असलेल्या गाड्या

ज्यांचा हब हाफ शाफ्टपासून सोडवता येतो अशा या गाड्यांबाबत एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. हब मोकळे ठेवून गाडी चालवली की हाफ शाफ्ट आणि जॉइंट थांबलेले राहतात. महिनोन्महिने असे झाले, तर वरच्या किंगपिनवर ऑइल उडत नाही आणि आतल्या सीलचा ओठ एकाच जागी कोरडा पडून कडक होतो. वंगण उत्तम, पातळी अचूक आणि तरीही सील वर्षभरात गळते, अशा तक्रारींत हे कारण आवर्जून तपासावे. महिन्यातून किमान एकदा हब लॉक करून काही किलोमीटर गाडी चालवावी. त्यासाठी ट्रान्स्फर केस फोर-बाय-फोरमध्ये टाकण्याची गरज नाही. चाकांबरोबर शाफ्ट फिरला तरी वंगण सर्वत्र पोहोचते, आणि कोरड्या कडक रस्त्यावर ड्राइव्हलाइनवर ताणही येत नाही.

काम पूर्ण झाल्यावर गोळा स्वच्छ पुसून स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत काही वेळा फिरवावे. गोळ्यावर वंगणाचा अतिशय पातळ, एकसारखा थर राहिला तर सील योग्य बसले आहे. तो थर गोळ्याला गंजापासून वाचवतो, म्हणून त्याला गळती समजून सील पुन्हा आवळू नये. थेंब तयार होऊन खाली पडत असेल, तरच ती गळती आहे. पहिल्या लांब प्रवासानंतर, अ‍ॅक्सल थंड झाल्यावर, डिफरन्शियल आणि दोन्ही नकलची पातळी एकाच वेळी तपासून आकडे लिहून ठेवावेत. पुढच्या तपासणीत डिफरन्शियलची पातळी उतरलेली आणि एखाद्या नकलची चढलेली दिसली, तर त्या बाजूचे आतले सील, शाफ्टवरची घळ आणि ब्रीदर यांच्याकडे परत जावे. तीनही पातळ्या स्थिर असतील आणि फक्त गोळ्याचे सील ओले होत असेल, तर गोळ्याचा पृष्ठभाग आणि किंगपिनचा ताण तपासावा.